कोल्हापूर परिसरातून एक्सप्लोरेशन गेमची कल्पना कशी घडवावी: नियम, नकाशा आणि पहिली चाचणी

‘अख्खं कोल्हापूर थ्रीडीत उभं करायचं, बुलेटवरून फिरायचं, मधेमधे मिशन टाकायची.’ गेम करायला निघालेल्या बऱ्याच ग्रुपची गाडी इथूनच सुटते. रंकाळा, बिंदू चौक, भवानी मंडप मॉडेल करण्यात महिने जातात, स्क्रीनशॉटवर ‘नाद खुळा’ अशा कॉमेंटही येतात, आणि मग लक्षात येतं की प्लेअरला तिथं करण्यासारखं काहीच नाही. जागा देखणी आहे, पण तिच्यात शोधायचं काय हे कुणी ठरवलेलंच नसतं.

ज्या गेममध्ये प्लेअर हत्यारांनी किंवा लेव्हल वाढवून पुढं न जाता काहीतरी कळल्यामुळं पुढं जातो, त्याची कल्पना कशी रचायची हे इथं पायरीपायरीनं दिलं आहे. २०१९ मध्ये आलेला ‘आउटर वाइल्ड्स’ हे या प्रकाराचं सर्वांत स्वच्छ उदाहरण. त्यात दर २२ मिनिटांनी सगळं पहिल्यापासून सुरू होतं आणि प्लेअरच्या हाती उरते ती फक्त माहिती. ज्याला उत्तर ठाऊक आहे तो पहिल्याच फेरीत गेम संपवू शकतो. आपली कल्पनाही शेवटी याच कसोटीवर घासायची आहे.

आधी नियम, मग जागा

कल्पनेची सुरुवात ठिकाणापासून करू नका, त्या ठिकाणी लागू असलेल्या एखाद्या नियमापासून करा. नियम म्हणजे तिथं नेहमी घडणारी, निरीक्षणानं कळणारी आणि ठिकाणाची अवस्था बदलणारी गोष्ट. कोल्हापूर या बाबतीत श्रीमंत आहे.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. पावसाळ्यात हे दोन आकडे शहरातल्या पोरासोरांना पाठ असतात. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात, त्यांना कुणाचा हुकूम लागत नाही. अंबाबाईच्या देवळात ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोचतात: पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. नरसोबावाडीला कृष्णेचं पाणी देवळात उत्तरेकडून शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला मधोमध गोल मोकळं छत आहे आणि बरोबर त्याखाली गोल शिळा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५ च्या सुमाराला उत्खनन झालं, त्यात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची काशाची छोटी मूर्ती मिळाली. ती आज टाउन हॉल संग्रहालयात आहे. उत्खननाचा नियम सगळ्यांत कडक: एकदा खणलेला थर पुन्हा मांडता येत नाही.

यातला कुठलाही एक घ्या. दोन घेतले की हमखास गोंधळ होतो. पाणीही चढतंय आणि उन्हाचा कोनही बदलतोय अशा गेममध्ये प्लेअरला काय कशामुळं घडलं ते कळत नाही, आणि कारण न कळणं हा शोधाच्या गेममधला सर्वांत मोठा दोष आहे.

एक वाक्य आणि त्याची परीक्षा

निवडलेला नियम या साच्यात बसवा: ‘अमुक ठिकाणी अमुक गोष्ट बदलत राहते. ती का बदलते हे कळलं, की तमुक जागी पोचता येतं.’ वाक्य झालं की तीन प्रश्न विचारा.

प्लेअरनं काहीच केलं नाही तरी ही गोष्ट बदलते का? बदलायला हवी. जग आपल्या चालीनं चालत असलं तरच निरीक्षणाला अर्थ येतो.

बदल डोळ्यांना किंवा कानांना कळतो का? ‘गावातला विश्वास कमी होतो’ हा नियम चालणार नाही. ‘पाणी दोन पायऱ्या चढतं’ हा चालतो.

तिसरा प्रश्न बहुतेक जण टाळतात. नियमाबद्दल प्लेअर सुरुवातीला काय गैरसमज करून घेईल? चांगल्या नियमात एक साहजिक चुकीचा अंदाज दडलेला असतो. पाऊस थांबला की पूर ओसरणार, असं कुणालाही वाटतं. पण खाली नरसोबावाडीला, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा तुडुंब असेल, तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही आणि वर ऊन पडलेलं असतानाही फूग, म्हणजे तुंबून मागं चढणारं पाणी, वाढतच राहते. अंदाज फसतो, कारण शोधावं लागतं, आणि ते कारण भलत्याच दिशेला, म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला सापडतं. ज्या नियमात असा फसवा अंदाज नाही, तो सोडून द्या.

पूरपातळीचा गेम, सविस्तर

या नियमावर पूर्ण रचना करून पाहू. वाक्य असं: ‘नदीकाठच्या एका गावात पाणी चढतं आणि उतरतं. ते का आणि कधी बदलतं हे कळलं, की पाचव्या नदीचा उगम सापडतो.’

पाचवी नदी का? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती मिळून पंचगंगा होते असं म्हणतात. पहिल्या चार नकाशावर दिसतात, सरस्वती गुप्त मानली जाते. लोकांच्या तोंडी असलेलं असं अर्धवट कोडं मिळणं म्हणजे लॉटरीच. गाव मात्र काल्पनिक घ्या. खऱ्या गावाचं नाव दिलं की प्रत्येक गल्ली बरोबर हवी असा तगादा मागं लागतो. शिवाय २०१९ आणि २०२१ च्या पुरात लोकांची घरंदारं गेलेली आहेत. तो अनुभव एखाद्याच्या पत्त्यासकट मनोरंजनासाठी वापरणं बरं दिसत नाही.

पाणी सलग चढवू नका, टप्प्यांत चढवा. आठ टप्पे पुरतात: २७, ३१, ३५, ३९, ४१, ४३, ४७ आणि ५१ फूट. ३९ ते ४३ मधले टप्पे जवळजवळ ठेवले आहेत, कारण गावातले बहुतेक निर्णय तिथंच होतात. टप्पे ठेवण्याचं तांत्रिक कारण असं की सलग पातळीत प्रत्येक उंबरा, खिडकी आणि जिना प्रत्येक उंचीला तपासावा लागतो आणि कुठं ना कुठं प्लेअर भिंतीत अडकतोच. आठ टप्पे आणि बारा जागा धरल्या तर ९६ अवस्था होतात. त्या एका कागदावर मावतात आणि दोन दिवसांत हातानं तपासता येतात. एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना वीस-तीस सेकंदांचं अॅनिमेशन द्या, म्हणजे पाणी सलग चढल्यासारखंच वाटतं.

आता तक्ता आखा. आडवे आठ टप्पे, उभ्या बारा जागा, आणि प्रत्येक चौकटीत चारपैकी एक अक्षर: चा म्हणजे चालत, पा म्हणजे पाण्यातून, हो म्हणजे होडीनं, बं म्हणजे बंद. नमुन्यादाखल तीन ओळी पाहा. घाटावरचं छोटं समाधीमंदिर: ३१ पर्यंत चालत, ३५ ला पाण्यातून, ३९ ते ४१ बंद, ४३ पासून होडी थेट शिखराशी लागते, म्हणजे एरवी खालून न दिसणारा शिखरावरचा लेख वाचता येतो. ओढ्यावरच्या मोरीमागची गल्ली: ३५ पर्यंत चालत, ३९ ला बंद. नदीकाठचा रस्ता अजून कोरडा असताना आतली गल्ली आधी बुडते, कारण नदीचं पाणी ओढ्यातून उलटं शिरतं. कोल्हापुरात जयंती नाल्याच्या आसपास हे दर मोठ्या पुरात दिसतं. तिसरी जागा उंचवट्यावरचं गुऱ्हाळ: ५१ पर्यंत चालत. ते बदलतच नाही, म्हणून प्लेअरचा तळ तिथं ठेवा. जाता जाता, या गुऱ्हाळातून पावसाळ्यात धूर काढू नका. गुळाचा हंगाम दिवाळीच्या सुमाराला लागतो. ऑगस्टच्या पुरात चुलाण पेटलेलं दिसलं की कोल्हापूरकर पहिल्या मिनिटालाच हसून गेम बंद करेल.

तक्ता भरल्यावर शेजारशेजारचे टप्पे ताडून पाहा. एका टप्प्यातून पुढच्यात जाताना किमान तीन जागांचं अक्षर बदललं पाहिजे. बदलत नसेल तर तो टप्पा काढून टाका, तो फक्त वेळ खातोय.

वेळेचा हिशेब: चढताना आठ टप्पे, उतरताना सात, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे एक पूर साठ मिनिटांचा. इथं ठरलेली अडचण येते. प्लेअरला ४७ फूट हवंय आणि पाणी आहे ३५. तो कंटाळून फोन हातात घेतो. म्हणून तीन कोरड्या जागी ‘थांबा’ ही कृती द्या, तिनं पुढचा टप्पा लगेच येईल. मागं जायची सोय मात्र देऊ नका. पूर ओसरून पुन्हा भरेपर्यंत संधी हुकली, याला किंमत असायला हवी. ती फार मोठी वाटली तर चार मिनिटांची तीन करा.

ज्ञानाची यादी

हा कागद कथेपेक्षा महत्त्वाचा. प्लेअरला गेम संपवायला ज्या गोष्टी कळाव्या लागतात त्या एकेका वाक्यात लिहा. आठ ते बारा पुरेत. पूरगेमसाठी साधारण अशी यादी होईल. घाटाच्या दगडावरच्या रेघा फुटांच्या आहेत. वरच्या धरणाचे दरवाजे माणूस नाही, पाणीच उघडतं. दरवाजा उघडल्यापासून दोन टप्प्यांनी इथं पाणी चढतं. गल्ली नदीमुळं थेट नाही, ओढ्यातून बुडते. पाऊस थांबला तरी खालची नदी भरलेली असेल तर पाणी उतरत नाही. खालची नदी उतरू लागल्याची खूण म्हणजे पाण्यावर तरंगणारा पालापाचोळा पुन्हा सरकू लागणं. पुराचं पाणी लालसर गढूळ असतं, झऱ्याचं स्वच्छ. पाणी उतरत असताना ३९ फुटांच्या टप्प्यालाच गढूळ पाण्यात स्वच्छ धार दिसते. ती धार समाधीमंदिराच्या पायाखालून येते.

आता वाक्यांमध्ये बाण काढा: कशावरून काय समजतं. एकाच वाक्याकडं सगळे बाण जात असतील तर प्लेअर तिथंच अडकणार. प्रत्येक वाक्याचे किमान तीन पुरावे गेममध्ये ठेवा, आणि तिन्ही वेगळ्या प्रकारचे: एक दिसणारा, एक कुणाच्या तरी बोलण्यातला, एक स्वतः अनुभवून कळणारा. गल्ली ओढ्यातून बुडते याचे पुरावे म्हणजे मोरीतून उलटं येणारं पाणी, ‘नदी न्हाई ओ, ओढा घात करतोय’ म्हणणारी म्हातारी, आणि मोरीपाशी सोडलेला कागदी दिवा गावाच्या दिशेनं वाहत जाणं. प्लेअरला यातला एक चुकणारच, एक दिसूनही समजणार नाही, तिसऱ्यावर तो थांबतो.

अंदाजपंचे उत्तर देऊन पुढं जाता येऊ नये यासाठी २०१८ चा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ एक नामी युक्ती वापरतो. त्यात साठ माणसांचं काय झालं ते ओळखायचं असतं आणि सहसा तीन उत्तरं एकदम बरोबर आली तरच गेम ती मान्य करतो. आपल्या गेममध्येही वही ठेवा. तिच्यात प्लेअरनं पाहिलेल्या गोष्टी आपोआप उमटतील, पण निष्कर्ष नाही. ‘मोरीतून पाणी आत येत होतं, ३९ फूट’ एवढंच. ‘म्हणजे गल्ली ओढ्यामुळं बुडते’ हे वहीनं सांगितलं की शोध वहीनं लावला, प्लेअरनं नाही.

शेवटची कसोटी: सगळं माहीत असलेल्या माणसाला नवा गेम सुरू करून द्या. ‘थांबा’ वापरत तो दहा मिनिटांत शेवटापर्यंत पोचला पाहिजे. मधे कुठं किल्ली, परवाना, पाच वस्तू गोळा करणं असं काही आडवं आलं, तर तुम्ही ज्ञानाऐवजी सामानानं दार अडवलं आहे. ते काढा.

किरणांचा गेम

उन्हाच्या नियमावर वेगळ्या चवीचा गेम होतो. कोल्हापूरच्या अक्षांशावर किरणोत्सवाच्या दिवसांत सूर्य नेमक्या पश्चिमेच्या साधारण १८ अंश दक्षिणेला मावळतो. नोव्हेंबरात तो दक्षिणेकडं सरकत असतो, जानेवारीअखेर उत्तरेकडं परतत असतो, आणि दोन्ही वेळा त्याच कोनातून जातो. म्हणून वर्षात तारखांचे दोन संच. प्लेअरला हे ‘दोनदा’ समजणं हाच गेमचा गाभा: एक संधी हुकली तरी तोच कोन परत येणार, फक्त दिवस मोजता आले पाहिजेत.

खेळायचं उलट दिशेनं. प्लेअर देवळात उभा आहे, किरण पोचत नाही. तो किरणाच्या वाटेनं पश्चिमेकडं चालत जातो आणि अडथळे शोधतो: वाढलेलं झाड, नवा मजला, टाकी, वाळत घातलेलं कापड. अंबाबाईच्या किरणमार्गातल्या बांधकामांचा वाद कोल्हापूरला नवा नाही, त्यामुळं स्थानिक प्लेअरला हा खेळ लगेच उमजतो. झाड तोडायचं का, मालकाला समजवायचं का, की किरणाला दुसरी वाट द्यायची, हे निर्णय गेमला वजन देतात. देऊळ काल्पनिक ठेवा आणि किरण मूर्तीऐवजी कोरीव शिळेवर पाडा. खऱ्या देवीची मूर्ती गेममध्ये फिरवता-झूम करता येण्यासारखी ठेवली की खेळाबद्दल कुणी बोलणार नाही, वादच होईल.

एक तांत्रिक खड्डा इथं नक्की लागतो. इतकं तिरपं ऊन असताना गेम इंजिनातल्या, म्हणजे गेम ज्या सॉफ्टवेअरमध्ये बनतो त्यातल्या, सावल्या थरथरतात, फाटतात, भिंतीतून गळतात. सावली दिसते त्यावरून ‘किरण पोचला’ ठरवू नका. शिळेवर पाच बिंदू ठरवा आणि प्रत्येकातून सूर्याच्या दिशेनं अदृश्य रेघ सोडून ती कशाला धडकते का ते तपासा. पाचपैकी चार मोकळ्या असल्या की उत्तर बरोबर. सावलीचं रूप मग हवं तसं सुधारत बसा, कोडं बिघडणार नाही.

आणखी दोन बीजं

ब्रह्मपुरीवरून ‘थर’ हा गेम: टेकडीवर दहा चौरस आखलेले, खणायचे दिवस मोजके, खणलेला थर कायमचा गेला. वस्तू सापडणं हे बक्षीस नाही. ती कुठल्या थरात, कशाशेजारी होती याची नोंद हे बक्षीस. घाईनं खणणाऱ्याच्या हाती काशाची मूर्ती येते, पण ती समुद्राकडून इथवर कशी आली हे सांगणारं शेजारचं खापर त्यानं आधीच ढिगाऱ्यात फेकलेलं असतं.

पन्हाळ्यावर बहुतेकांना जुलै १६६० चीच रात्र करायची असते. तो प्रसंग इतका परिचित आहे की त्यात शोधायला काही उरत नाही, आणि महाराजांच्या तोंडी कल्पित संवाद घालणं जोखमीचंही आहे. त्यापेक्षा गडावरचं धुकं घ्या. चार-पाच मीटरपलीकडं दिसत नाही, वाट फक्त आवाजावर: अंधारबाव या विहिरीत घुमणारा, अंबरखाना या धान्यकोठाराच्या उंच कमानीखाली वेगळा, तटाच्या कडेला वाऱ्याचा. पात्र म्हणून रोज गस्त घालणारा एखादा पहारेकरी पुरतो.

कागदावरची चाचणी

कोड लिहिण्याआधी हे करा, टाळू नका. बारा जागांची बारा कार्डं, मागच्या बाजूला त्या जागेच्या आठही अवस्था दोन-दोन ओळींत. एक जण गेम होतो, एक जण प्लेअर. प्लेअर ‘घाटावर जातो’ म्हणतो, गेम आताच्या टप्प्याचं वर्णन वाचतो. दर चार हालचालींनंतर टप्पा पुढं. पाऊण तासात कळतं की ज्ञानाच्या यादीतलं कुठलं वाक्य कुणालाच सापडत नाही. गेम झालेल्या माणसानं मदत म्हणून भुवयाही उडवायच्या नाहीत. तीन वेगळ्या प्लेअरवर करा. तिघेही एकाच जागी अडले तर पुरावे वाढवा, एकटाच अडला तर तसंच राहू द्या.

हीच चाचणी जास्त लोकांवर घ्यायची असेल तर ट्वाइन हे मजकुराचे गेम बनवायचं साधन वापरा. ते फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि मराठी मजकूर बिनतक्रार दाखवतं.

नकाशा, अंतरं, उंची

माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर चालतो, गेममधलं पात्र ५ मीटर धावतं. पन्हाळ्याच्या तटाचा घेर सात किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे खऱ्या मापात गडाला एक फेरी मारायला २३ मिनिटं नुसतं धावणं. म्हणून लांबी-रुंदी एकतृतीयांश करा, पण दरवाजे, पायऱ्या, बुरूज खऱ्या मापाचे ठेवा. त्यामुळं जागा लहान झाल्याचं जाणवत नाही. दोन महत्त्वाच्या जागांमधलं अंतर २० ते ४० सेकंदांचं असावं, आणि कुठंही उभं राहिलं तरी दूरवरच्या निदान दोन खुणा दिसाव्यात: शिखर, धुराडं, टॉवर. या खुणा असल्या की मिनिमॅपची, म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाची, गरज पडत नाही. मिनिमॅप दिला की प्लेअर जग सोडून कोपऱ्यातला बाण बघत चालतो.

जमिनीचा चढ-उतार हवा असेल तर एसआरटीएम ही उंचीची माहिती फुकट मिळते. तिच्यात दर ३० मीटरला एक नोंद असते. मसाई पठारासारख्या सपाटीला ती छान बसते, पण पन्हाळ्याचा तुटलेला कडा ३० मीटरच्या दोन नोंदींमध्ये विरघळून साधा उतार होतो. कडे हातानंच घालावे लागतात. उंचीचा नकाशा ८ बिटमध्ये जतन करू नका. त्यात २५६ च पायऱ्या मिळतात, ४०० मीटरच्या उंचीला दीड मीटरची एक पायरी पडते आणि डोंगर भाताच्या खाचरांसारखा दिसतो. १६ बिट घ्या. रस्ते-नद्यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप वापरलं तर श्रेयनामावलीत तसा उल्लेख करणं बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकांवर मोबाइलनं संदर्भाचे फोटो काढता येतात. ट्रायपॉड, ड्रोन किंवा व्यावसायिक चित्रीकरणाला मात्र आधी परवानगी काढा.

पहिली आवृत्ती करड्या ठोकळ्यांचीच करा. रंग-पोत नसतानाही गेम खेळावासा वाटला पाहिजे. बारा जागा, दोघं जण आणि संध्याकाळचे दोन तास धरले तर सहा ते आठ आठवडे लागतात. चौथ्या आठवड्यात कुणी झाडांची पानं मॉडेल करताना दिसला तर थांबवा.

मराठी मजकूर

इंजिन निवडतानाच हे बघा, नंतर महागात पडतं. गोडो ४ मध्ये देवनागरी नीट जुळते. गोडो ३ मध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागं पडते आणि जोडाक्षरं तुटतात. युनिटी इंजिनाच्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवणाऱ्या भागातही मूळ स्वरूपात तीच रड आहे. चाचणीला हे शब्द टाका: ‘किल्ल्याच्या’, ‘गुऱ्हाळ’, ‘त्र्यंबक’, ‘वाङ्मय’, ‘हृदय’. हे बरोबर दिसले तर बाकी बहुतेक दिसेल. गेम ब्राउझरसाठी बाहेर काढला की वापरणाऱ्याच्या मशीनमधले फॉन्ट मिळत नाहीत आणि सगळीकडं चौकोन दिसतात. म्हणून मुक्त परवान्याचा फॉन्ट, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, प्रोजेक्टमध्येच ठेवा. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त द्या, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात घुसतो.

संवाद पुणेरी करू नका, आणि दर वाक्यात ‘लका’, ‘भावा’ कोंबूनही कोल्हापुरी होत नाही. वयानुसार बोलणं बदला: म्हातारा पाहुण्याला ‘या की पावणं’ म्हणेल, कॉलेजचं पोरगं ‘काय विषय हाय?’ विचारेल. इकडच्या कित्येक बायका स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. ते चूक समजून दुरुस्त करणारा मुद्रितशोधक आधीच आवरा. बोली संवादात ठेवा. वही, पाट्या आणि सूचना प्रमाण मराठीत, म्हणजे बाहेरच्या प्लेअरला कोडं भाषेमुळं अडत नाही. एकूण मजकूर तीन हजार शब्दांच्या आत बसवा.

माणसांपुढे ठेवताना

पाच-सहा जण पुरेत, पण त्यातला एक तरी कधीच गेम न खेळणारा हवा. प्रत्येकाला चाळीस मिनिटं द्या, मागं बसा, गप्प राहा, घड्याळ आणि कागद जवळ ठेवा. तीन खुणा टिपायच्या. मिनिटभर एकाच जागी उभं राहणं: बहुतेक वेळा तो विचार करतोय, हात लावू नका. त्याच जागेवरून तिसऱ्यांदा जाणं: तिथं काहीतरी आहे असं त्याला वाटतंय पण दिसत नाहीये, तिथला पुरावा ठळक करा किंवा खोटी चाहूल काढून टाका. वही उघडून लगेच मिटणं: वहीतल्या नोंदी त्याला उपयोगी वाटत नाहीत, बहुधा फार लांबलचक आहेत.

खेळून झाल्यावर ‘आवडला का?’ विचारू नका. कोल्हापुरात समोरच्याला ‘एक नंबर’ म्हणण्याची चाल आहे, त्यातून काही हाती लागत नाही. त्याऐवजी म्हणा, ‘पाणी का चढतं ते मला समजावून सांगा.’ तो जे सांगेल ते ज्ञानाच्या यादीशी ताडून बघा. नऊपैकी पाच वाक्यं त्याच्या स्वतःच्या शब्दांत आली, तर रंगरूपाच्या कामाला लागा. तीनच आली तर पुन्हा कार्डांवर जा आणि कोणत्या वाक्याचे पुरावे एकाच प्रकारचे झालेत ते आधी शोधा. बहुतेक वेळा तिन्ही पुरावे कुणाच्या तरी बोलण्यातलेच निघतात.